वडिलांकडचा इतिहासही विचारावा

चाळिशीच्या आतील स्त्रीला अंडाशयाचा कर्करोग होतो तो आईकडच्या वारशामुळेच, असे एक मत मांडले जाते; ते पुरते खरे नाही, म्हणून ही पुरवणी जोडते. स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा, बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही येतो. म्हणून आत्या वा वडिलांच्या आईला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण एरवी एक टक्क्याच्या आसपास असणारा अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका बीआरसीए-१ मधील दोषामुळे सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जातो. एंडोमेट्रिओसिसनेही (गर्भाशयाच्या अस्तरासारखे आवरण गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकारानेही) हा धोका थोडा वाढतो. किशोरवयात व विशीत आढळणाऱ्या, अंडाशयातील जननपेशींच्या (स्त्रीबीज बनवणाऱ्या पेशींच्या) कर्करोगाच्या गाठींचा मात्र या जनुकांशी सहसा संबंध नसतो आणि त्या केमोथेरपीने बहुधा बऱ्या होतात. म्हणूनच मुलीचे पोट सतत दुखत वा फुगत असेल, तर ते पाळीचे दुखणे समजून सोडून न देता सोनोग्राफी करून घ्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.