आधी काय अडतं ते बघा
‘घास अडकतो म्हणजे अ‍ॅसिडिटीच’ हे मत मला पटत नाही. आधी भाकरी अडते आणि काही आठवड्यांत पेजही उतरेनाशी होते, तेव्हा अन्ननलिका आतून अरुंद होत असू शकते. कारण कर्करोगही असू शकतो, म्हणून एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी) लांबवू नका. पहिल्यापासून पाणी आणि भात दोन्ही अडत असतील, तर अन्ननलिकेच्या हालचालीतल्या बिघाडाचा, उदाहरणार्थ अकॅलेशियाचा (यात अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट उघडत नाही), संशय घेतात.

माझ्या सासऱ्यांचं पक्षाघातानंतर उलटंच झालं. मऊ पोळी जायची, पण चहाचा घोट घेतला की आवाज ओलसर, घशात पाणी खुळखुळल्यासारखा यायचा. ठसका नाही, म्हणून सगळे निर्धास्त! पण ठसक्याशिवायही पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, तीही डॉक्टरांना सांगून करून घ्या.