खाडीतले डायटम वाढवायचेत, माध्यम कोणते घेऊ? (बजेट २,५०० रु.)

खाजणातली: नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रत्नागिरीजवळच्या खाडीतले डायटम (काचेसारख्या कवचाचं एकपेशीय सूक्ष्म शेवाळ) वेगळे करून वाढवायचेत, मुख्यतः स्केलेटोनेमा ही जात. हाताशी सूक्ष्मदर्शक, ०.०१ ग्रॅमचा काटा आणि घरचा कुकर. विभागातला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) बंद आहे, दुरुस्तीचं बिल मंजूर व्हायचंय. खर्च माझ्या खिशातून, २,५०० च्या वर एक रुपया नाही. एफ/२ (समुद्री शेवाळ वाढवायचं पोषक माध्यम) चा तयार संच घेऊ की रसायनं आणून बनवू? आणि समुद्राचं पाणी कुठून, कसं आणू?

रीफवाला_ठाणे: पाणी आणूच नका. सिंथेटिक सी सॉल्ट आणि आरओचं पाणी, विषय संपला. मी चार हजारांची बादली आणतो, माझ्या टँकमधले प्रवाळ बघायला लोक येतात. फोटो टाकू का?

खाजणातली: दादा, बादलीतच बजेट बुडालं की.

पाषाण_शेवाळ: बीजी-११ माध्यम घ्या. हायमीडिया कंपनीची तयार पावडर मिळते, पाण्यात टाकली की झालं. आमच्याकडे तलावाच्या पाण्यातलं सगळं त्यावर मस्त येतं.

निवृत्त_मास्तर: 'सगळं' म्हणजे नील-हरित शेवाळ आलं असणार, ते माध्यम त्यांच्यासाठीच आहे. लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट, आणि सिलिकेट शून्य. डायटमचं कवच सिलिकाचं. सिलिकेट नसेल तर ते विभागणार कसे? शिवाय मुलीने खाडी म्हटलंय, तलाव नव्हे.

एफ/२ घरी बनतं. लिटरला सोडियम नायट्रेट ७५ मिग्रॅ, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ मिग्रॅ, सोडियम मेटासिलिकेट (नऊ पाणीवालं) ३० मिग्रॅ, वर सूक्ष्म धातू आणि जीवनसत्त्वं. मिलिग्रॅम बघून घाबरू नकोस. प्रत्येकाचं हजारपट दाट द्रावण वेगळ्या बाटलीत कर, म्हणजे काट्यावर ७५ ग्रॅम, ५ ग्रॅम असे आकडे येतील, आणि माध्यमात लिटरला १ मिली घालायचं. बाटल्या १०० मिलीच्याच कर, म्हणजे वजनं एक दशांश. तांबं, जस्त, कोबाल्ट, मँगनीज, मॉलिब्डेनम यांची मापं फारच बारीक, म्हणून त्यांचं दाट द्रावण आणखी एकदा पातळ करायची पायरी लागते.

आल्गी_आणि_मी: एफ/२ हे १९७५ चं.

निवृत्त_मास्तर: १९६२. गिलार्ड आणि रायथर.

आल्गी_आणि_मी: १९६२ चं 'एफ' होतं. त्याची अर्धी ताकद म्हणजे एफ/२, आणि लोक दाखला गिलार्डच्या १९७५ च्या लेखाचा देतात.

निवृत्त_मास्तर: दोन्ही दाखले देतात. मुलीला तारखा नकोत, माध्यम हवंय.

कोळंबीवाला_देवगड: धातूबितू राहू दे गो. आम्ही हॅचरीत कीटोसेरॉस, तोही डायटमच, टीएमआरएल माध्यमावर वाढवतो, टन-टन. पोटॅशियम नायट्रेट १० ग्रॅम, सोडियम फॉस्फेट १ ग्रॅम, फेरिक क्लोराइड ०.३ ग्रॅम, सोडियम सिलिकेट ०.१ ग्रॅम, प्रत्येक १०० मिली पाण्यात, चार वेगळ्या बाटल्या. समुद्राच्या लिटरभर पाण्यात प्रत्येकी १ मिली. एलआर ग्रेड, म्हणजे प्रयोगशाळेचं साधं रसायन, चालतं. बजेटमधून वडापावचे पैसेही सुटतील.

निवृत्त_मास्तर: म्हणजे लिटरला सिलिकेट १ मिग्रॅ. एफ/२ मध्ये ३०. लोह विरघळलेलं ठेवणारं ईडीटीए नाही, म्हणजे ते गंजासारखं तळाला जाणार. जीवनसत्त्वं नाहीत.

कोळंबीवाला_देवगड: सर, तुमचं बरोबर असेल. पण आमच्या कोळंबीच्या पिल्लांनी अजून तक्रार केली नाही.

गोंयकान्न: कुकरबद्दल कोणीच बोलेना. पोषकं घालून समुद्राचं पाणी उकळलंत की पांढरा गाळ बसतो. उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम फॉस्फेट आणि कार्बोनेटला घेऊन खाली बसतात. आमच्या जुन्या लॅबमधल्या एका सरांना तो गाळ कल्चर वाटायचा, कोणी सुधारायला गेलं की रागवायचे. तर पाणी आधी कापसातून, मग ग्लास फायबरमधून गाळा. नुसतं पाणी वाफवा, शिटी न लावता, रोज थोडा वेळ असं तीन दिवस. थंड करून एक रात्र ठेवा आणि मग निर्जंतुक केलेली द्रावणं एकेक करून, ढवळत घाला. सिलिकेट सावकाश, त्याचं द्रावण फार अल्कधर्मी असतं. जीवनसत्त्वं ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून, गरम करायची नाहीत.

रीफवाला_ठाणे: म्हणूनच म्हणतो, आरओ आणि सी सॉल्ट.

पाषाण_शेवाळ: +१ गोंयकान्न. गाळून घ्या आणि पोषकं नंतर घाला.

गोंयकान्न: तेच लिहिलंय मी.

चाळीतला_शास्त्रज्ञ: बी१२ साठी मेडिकलमधलं इंजेक्शन आणा, स्वस्तात काम.

निवृत्त_मास्तर: लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम लागतं, बायोटिनही तेवढंच, थायमिन १०० मायक्रोग्रॅम. इंजेक्शनमध्ये परिरक्षक असतात, ते कशाला घालायचे? वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही ऊतीसंवर्धन लॅबमध्ये थायमिन असतंच, चिमूटभर मागून घे. आणि पाणी खाडीचं मुळीच नको. उघड्या किनाऱ्यावरून, भरतीच्या वेळी, पाऊस सुरू व्हायच्या आधी आणून काही आठवडे अंधारात मुरव.

कोळंबीवाला_देवगड: पाण्याबाबत सरांशी सहमत. खाडीचं पाणी म्हणजे चिखल आणि डोकेदुखी.

गोंयकान्न: सहमत. आणि काच साबणाने धुऊ नका. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग डिस्टिल्ड पाणी, भरपूर.

खाजणातली: सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत टाकलाय. ठरलं ते असं: टीएमआरएल करतेय, पण सिलिकेट मास्तरांच्या मापाने ३० मिग्रॅ आणि थोडं ईडीटीए. थायमिन मिळालं, बी१२ आणि बायोटिन सोडून दिलं. पाणी मात्र खाडीचंच घेणार. प्रकल्पच क्षारतेवर आहे. पावसात खाडी गोडी होते तेव्हा कोण टिकतं ते बघायचंय. किनाऱ्याच्या पाण्यात वाढवले तर तो प्रश्नच उरत नाही. चिखल गाळून काढेन.

निवृत्त_मास्तर: मग खाडीच्या पाण्यात मुळात नायट्रेट-फॉस्फेट किती आहे ते आधी मोज. नाहीतर तुझ्या माध्यमाला माप कसलं?

कोळंबीवाला_देवगड: हे मात्र खरं हां.

रीफवाला_ठाणे: नायट्रेट किट माझ्याकडे जास्तीचं आहे, मुदत संपत आलीय, हवं तर अर्ध्या किमतीत देतो.

खाजणातली: अर्धी म्हणजे किती?