शब्दचर्चा: ‘सेंद्रिय कण’, ‘कार्बनी कण’ की ‘काजळी’?

प्रश्न: हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना, म्हणजे ‘ऑरगॅनिक एरोसॉल’ला, ‘सेंद्रिय कण’ लिहिलं की वाचकाला शेती आणि खत आठवतं. ‘कार्बनी कण’ लिहिलं तर त्यात काजळीही धरायची का? संदर्भ क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाचा आहे.

उत्तर: ‘कार्बनयुक्त’ हा मोठा गट धरा. ‘सेंद्रिय’ आणि ‘काजळी’ हे त्यातले दोन वेगळे भाग. एरवी सैल लिहिलं तरी चालून जातं, पण इथे नाही, कारण हे यंत्र नेमकं त्या दोघांनाच वेगळं करतं. बर्कलीच्या अ‍ॅडव्हान्स्ड लाइट सोर्सवर किंवा स्विस लाइट सोर्सच्या पोललक्स बीमलाइनवर (दोन्ही तीव्र क्ष-किरण पुरवणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळा; बीमलाइन म्हणजे झोत प्रयोगापर्यंत आणणारी वाट) मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांचा झोत झोन प्लेटने (क्ष-किरण एकवटणाऱ्या वर्तुळाकार पट्ट्यांच्या चकतीने) सुमारे 30 नॅनोमीटरच्या ठिपक्यात आणतात. कण इम्पॅक्टरने (हवेचा झोत आपटवून कण चिकटवणाऱ्या साधनाने) सिलिकॉन नायट्राइडच्या, साधारण 100 नॅनोमीटर जाडीच्या पडद्यावर गोळा केलेले असतात. झोतासमोर तो पडदा हलवत एकेक बिंदू मोजतात.

निदान चार ऊर्जांना चित्रं घ्यावी लागतात: 278, 285.4, 288.5 आणि 320 इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक). 320ला मिळालेल्या शोषकतेतून (कणाने किती किरण अडवले याचं माप, व्याख्या पुढे) 278ची वजा केली की एकूण कार्बन मिळतो. 285.4चं शिखर कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचं, 288.5चं कार्बोक्झिल गटाचं. दुहेरी बंधांचा वाटा, ग्रॅफाइटशी ताडून पाहता, 35 टक्क्यांच्या वर गेला तर तो भाग काजळी. कार्बोक्झिल ठळक असेल तर सेंद्रिय. 278ची शोषकता भागिले 320ची हे गुणोत्तर 0.5च्या वर गेलं तर तिथे असेंद्रिय द्रव्याचं वर्चस्व. एकाच कणात मध्ये काजळी, शेजारी सल्फेटचा खडा आणि भोवती सेंद्रिय थर असं सर्रास दिसतं. अशा कणाला सरसकट ‘सेंद्रिय कण’ म्हणणं चूकच.

पुरवणी: ‘एज’ला (ज्या ऊर्जेला शोषण एकदम वाढतं, तिला) ‘कड’ म्हणू नका. याच लेखात ‘कणाच्या कडेला’ असंही येणार, आणि ऊर्जेची कड व कणाची कड यांत वाचक अडकेल. ‘शोषणसीमा’ लिहा, कार्बनची सुमारे 284 इलेक्ट्रॉन व्होल्टला येते. ‘शोषकता’ आणि ‘शोषण’ यांचीही सरमिसळ नको. शोषकता म्हणजे पडद्याच्या मोकळ्या जागेतून आलेल्या तीव्रतेला कणातून आलेल्या तीव्रतेने भागून घेतलेला नैसर्गिक लॉगॅरिदम. ती 1.5च्या वर गेली की शिखरं चपटी होतात आणि प्रमाणं बिघडतात, म्हणून जाड कण गणनेतून वगळलेले बरे. झोतात दुप्पट ऊर्जेचा प्रकाश मिसळलेला असला तरी हेच होतं. त्यासाठी वाटेत नायट्रोजन वायूचा गाळक ठेवतात.

आणखी एक: 285.4चं शिखर दिसलं की लगेच ‘काजळी’ लिहायची घाई नको. लाकूड किंवा पालापाचोळा जळून निघालेल्या सेंद्रिय द्रव्यातही कार्बनची सुगंधी (अरोमॅटिक, इथे वासाचा संबंध नाही) वलयं असतात, त्यांतले दुहेरी बंध याच जागी दिसतात. निवाडा शिखराच्या प्रमाणावर करायचा. एकाच ठिकाणी झोत जास्त वेळ राहिला तर बंध तुटून वर्णपटच (ऊर्जेनुसार शोषकतेचा आलेखच) बदलतो. याला ‘किरणहानी’ म्हणावं. शिवाय नमुन्याचा कक्ष आधी निर्वात करून मग हेलियमने भरतात, तेव्हा सहज उडून जाणारी संयुगं निघून जातात. लेखात त्यामुळे ‘हवेतला कण’ न लिहिता ‘पडद्यावर उरलेला कण’ असंच लिहावं.