मदत हवी आहे: इस्लाममधून कॅथलिक होणाऱ्या मुलीला आधार कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. वसईत आमच्या पॅरिशमधली (चर्चच्या धर्मग्रामातली) एक तरुणी येत्या ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा घेणार आहे. प्रौढांना त्याच मिस्सात (प्रार्थनाविधीत) दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा संस्कार, आणि पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसादही मिळतो. मी तिची गॉडमदर, म्हणजे धर्ममाता. धर्मशिक्षणाचं फादर बघतात, ती चिंता नाही.

घरी फक्त धाकट्या भावाला माहीत आहे. अम्मीने इफ्तारला बोलावलं तर जाऊ का, असं ती विचारत होती. म्हटलं, जरूर जा, खजूर खाल्ल्याने कुणाची श्रद्धा डळमळत नाही.

आमचे लोकही कमी नाहीत. नाताळच्या जेवणात मुद्दाम तिच्या ताटात डुकराचं इंद्याल वाढलं, वर "आता काय हरकत?" तिला तो वासही सोसत नाही. शिवाय तिच्यासमोरच मुसलमानांना नावं ठेवतात. अहो, तिची आई मुसलमानच आहे! खुद्द चर्चने १९६५च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात मुसलमानांबद्दल आदर व्यक्त केलाय, पण ते वाचतो कोण.

धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही, असा कायदा १८५० साली झाला होता; तो आजही लागू आहे का? प्रत्यक्षात घरच्यांनी वाटा नाकारला तर काय करतात?

बाप्तिस्म्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू नयेत म्हणून तुमच्या पॅरिशने काय केलं? घरी सांगायचं ते आधी की नंतर? या वाटेने गेलेली कुणी ताई तिच्याशी बोलायला तयार असेल तर मला मेसेज करा, नाव गुप्त राहील.