मदत हवी आहे : केळीच्या मुळाशी सापडलेला स्यूडोमोनास ई. कोलायला टाइप-६ नेच मारतोय का?

केळीपट्टा
नमस्कार मंडळी. रावेरकडच्या केळीबागेतली, मुळांना चिकटलेली माती एप्रिलमध्ये किंग्ज बी माध्यमावर (स्यूडोमोनास वाढवण्याचं खाद्य) लावली. प्लेटा खोलीतच ठेवल्या होत्या. त्यातून मिळालेला एक स्यूडोमोनास जिवाणू शेजारच्या ई. कोलाय जिवाणूला चांगलाच दाबतो. शेजारच्या पेशीत विषारी प्रथिनं खुपसणारी टाइप-६ स्राव यंत्रणा यामागे असावी, असा अंदाज आहे.

पद्धत अशी: दोन्ही कल्चर रात्रभर वाढवून धुतले, ओडी (गढूळपणावरून मोजलेली पेशींची दाटी) १ वर आणले, समप्रमाणात मिसळले. १० मायक्रोलिटरचा थेंब १.५ टक्के आगार घातलेल्या एलबी या नेहमीच्या माध्यमावर ठेवला. २४ तासांनी तो १ मिलि बफरमध्ये उतरवून दहापट डायल्यूशन केली आणि ५० मायक्रोग्रॅम कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर मोजणी केली. ई. कोलाय म्हणजे डीएच५ अल्फा हा प्रयोगशाळेतला स्ट्रेन, कॅनामायसिन सोसायला लावणारं प्लाझ्मिड (जनुकांचं छोटं वर्तुळ) घातलेला.

एकटा ई. कोलाय: थेंबात २ अब्ज. मिश्रणात: ३० लाख. दोघांच्या मध्ये ०.२२ मायक्रॉनचा मेम्ब्रेन ठेवला तरी २० कोटींवर उतरतो. शेकरवर ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) फरक जवळजवळ नाही. मे लागल्यापासून एकाच मिश्रणाच्या तीन थेंबांचे आकडे तीन तऱ्हेचे येतात. टाइप-६ बंद असलेला म्युटंट हाताशी नाही. एवढ्यावर टाइप-६ म्हणता येईल का? जाता जाता: प्लेट हिरवट-निळी पडते आणि गोडसर वास येतो.

मेहरूणकाठ
भाऊ, आधी शून्य तासाचा (थेंब ठेवतानाचा) आकडा कुठे आहे? तोच नसल्यानं सगळं अडलंय.

हिशोब मांडून बघा. ओडी १ ला ई. कोलाय साधारण ८० कोटी प्रति मिलि. समप्रमाणात मिसळला की ४० कोटी. त्याचे १० मायक्रोलिटर म्हणजे ४० लाख पेशी. तुम्ही सुरुवातच ४० लाखांपासून केली आणि २४ तासांनी ३० लाख मिळाले. म्हणजे मेले जेमतेम, फक्त वाढले नाहीत. २ अब्जांशी तुलना केली की जवळजवळ सातशेपट घट झाल्यासारखी दिसते, पण वाढ थांबणं आणि पेशी मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाणं संपलं, लोह मिळालं नाही, तरी वाढ थांबतेच.

बदल असे करा. रात्रभरच्या कल्चरमधून नवीन कल्चर लावून ओडी ०.५ ते ०.८ ला पेशी उचला, दोनदा धुवा आणि ओडी १० पर्यंत दाट करा. ओडी १ च्या थेंबात पेशी एकमेकींना धड टेकतही नाहीत. दाट थेंबात पहिल्या मिनिटापासून अंगाला अंग लागतं. हल्लेखोर (स्यूडोमोनास) १० भाग, ई. कोलाय १ भाग. थेंब ५ मायक्रोलिटरचा. आगार ३ टक्के, म्हणजे थेंब पसरत नाही आणि पेशी पोहत सुटत नाहीत. मोजणी शून्य तास आणि ५ तास. शून्य तासापेक्षा आकडा खाली गेला तरच 'मारलं' म्हणा.

ब्रॉथमध्ये फरक नाही हे टाइप-६ शी जुळतं, कारण शेकरवर पेशी भिडतात आणि लगेच सुटतात. पण तो पुरावा नव्हे. बरीच प्रतिजैविकंही दाट वसाहतीतच तयार होतात.

पेशीभित्तिका
मेम्ब्रेनच्या प्रयोगानं अर्धं उत्तर दिलेलंच आहे. टाइप-६ ची नळी पेशीच्या रुंदीएवढी, म्हणजे मायक्रॉनच्या आसपास. मेम्ब्रेनची जाडी त्याच्या शंभरपट. ती नळी पलीकडे पोचूच शकत नाही. तरीही दहापट घट आली, म्हणजे काहीतरी पाझरतंय.

आणि जाता जाता लिहिलेली ओळच सगळ्यात महत्त्वाची आहे. निळसर-हिरवा रंग आणि द्राक्षांसारखा गोड वास ही स्यूडोमोनास एरुजिनोजाची खूण. एप्रिलमध्ये आपल्याकडे 'खोलीचं तापमान' म्हणजे ४० च्या पुढे. फ्लुओरेसन्स आणि पुटिडा या स्यूडोमोनासच्या जाती ४२ अंशांना वाढत नाहीत, एरुजिनोजा मजेत वाढतो. उन्हाळ्यानंच निवड करून दिली. किंग्ज ए वर (त्यावर निळा रंग खुलतो) लावा आणि ४२ अंशांना वाढतो का बघा.

तो एरुजिनोजा असेल तर मोजणीही गडबडली असणार, कारण त्याला कॅनामायसिनचा निसर्गतःच फारसा त्रास होत नाही. त्या ३० लाखांत हल्लेखोर किती, कोण जाणे. ई. कोलायला जेंटामायसिनचं प्लाझ्मिड द्या आणि २० मायक्रोग्रॅमवर मोजा. हल्लेखोर एकटाही त्याच प्लेटवर लावा, तिथे एकही कॉलनी दिसता कामा नये. हल्लेखोर मोजायला सेट्रिमाइड आगार, त्यावर ई. कोलाय वाढत नाही.

तीन थेंबांचे तीन आकडे येतात ते आगार सुकल्यामुळे. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, खोली ४१ असेल तर तो ३७ वर आणू शकत नाही. थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर वापरा. ९० मिमीच्या प्लेटमध्ये मोजून २५ मिलि माध्यम ओता, लॅमिनारमध्ये (स्वच्छ हवेच्या कपाटात) २० मिनिटं सुकवा आणि त्याच दिवशी वापरा. वीज जाते तिथे आत कमाल-किमान थर्मामीटर ठेवा.

केळीपट्टा
४२ अंशांना दाट वाढ. किंग्ज ए वर निळा रंग. हल्लेखोर एकटा कॅनामायसिनवर लावला, भरपूर कॉलन्या आल्या. म्हणजे एरुजिनोजाच. शून्य तासासह पुन्हा लावतोय. मग टाइप-६ चा विषय सोडून द्यावा का?

मेहरूणकाठ
सोडू नका, प्रश्न बदला. एरुजिनोजात एच-१ नावाचा टाइप-६ आहेच. २००६ मध्ये या यंत्रणेचं काम उलगडलं ते याच्यावर आणि कॉलराच्या जिवाणूवर. पण पीएओ-१ सारख्या प्रयोगशाळेतल्या साध्या स्ट्रेनमध्ये रेटएस हे नियामक प्रथिन तिला दाबून ठेवतं. शिवाय २०१३ च्या कामातून दिसलं की हा जिवाणू आधी वार झेलतो, मग उलटा वार करतो. निरुपद्रवी डीएच५ अल्फाला तो सहसा हात लावत नाही. आरपी-४ सारखं संयोगी (पेशीतून पेशीत जाणारं) प्लाझ्मिड असलेला ई. कोलाय मात्र त्याला डिवचतो. भक्ष्य म्हणून दोन्ही शेजारी लावा. डिवचणाराच जास्त मेला तर टाइप-६ कडे बोट दाखवता येईल.

पक्कं सिद्ध करायला टीएसएसबी-१ या जनुकाचा म्युटंट हवाच. टीएसएसबी आणि टीएसएससी मिळून आकसणारं म्यान बनतं; ते नाही तर नळी सुटत नाही. आत्मघाती वेक्टरवर (या जिवाणूत न टिकणाऱ्या प्लाझ्मिडवर) जनुकाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे घ्यायचे आणि सुक्रोजवर दुसरी पायरी, म्हणजे वेक्टर सुटलेल्या पेशी, निवडायची. मग जनुक परत घालून मारण्याची ताकद परत येते का तेही दाखवा. पीसीआरमध्ये एचसीपीचा (टाइप-६ च्या नळीच्या प्रथिनाचा) पट्टा दिसला तर जनुक आहे एवढंच कळतं, यंत्रणा चालू आहे हे नव्हे. म्युटंट होईपर्यंत 'स्पर्शावर अवलंबून' इतकंच लिहा, तेही मेम्ब्रेनपलीकडच्या घटीपेक्षा थेट संपर्कातली घट ठळकपणे जास्त असेल तरच. स्पर्शानं मारणारे आणखीही आहेत: सीडीआय (स्पर्शानं शेजाऱ्याची वाढ रोखणारी यंत्रणा) २००५ मध्ये ई. कोलायतच सापडला, आणि लिंबावरचा झँथोमोनास टाइप-४ स्राव यंत्रणेनं मारतो.

पेशीभित्तिका
मेम्ब्रेनच्या जोडीत १०० मायक्रोमोलर फेरिक क्लोराइड घालून बघा. घट गेली तर पायोव्हर्डिन हे रंगद्रव्य लोह पळवत होतं. राहिली तर पायोसायनिन (निळं विषारी रंगद्रव्य) किंवा तत्सम काही. थेट संपर्काच्या थेंबात मात्र लोह नको, कारण काही जिवाणूंत लोहच टाइप-६ चं नियमन करतं आणि दोन्ही गोष्टींचा गुंता होतो.

एक कळकळीचं सांगणं. हा स्ट्रेन केळीचे पोंगा सड किंवा कंदकूज हे रोग रोखायला बागेत सोडायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा. एरुजिनोजा जखमेतून माणसाला लागतो, आणि केळीबागेत कोयत्यानं हात कापणं रोजचंच. त्या कामासाठी माती नव्यानं २८ अंशांना लावा आणि ४२ ला न वाढणारे तेवढे ठेवा. पुटिडाचा केटी-२४४० हा स्ट्रेन टाइप-६ नं झाडांचे रोगजंतू मारतो, हे २०१७ मध्ये दाखवलेलं आहे. तसा नातेवाईक आपल्या मातीत शोधण्यासारखा आहे. भक्ष्यही मग ई. कोलाय नको, कंद कुजवणारा पेक्टोबॅक्टेरियम घ्या. त्याच्याकडे स्वतःची हत्यारं असतात, म्हणून मोजणी दोघांचीही करा.

आत्ताच्या सगळ्या प्लेटा १२१ अंशांना २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका.