व्हॅलोरंटमध्ये रँक अडकली आहे? नेमाचा सराव कमी करा, स्वतःचे मृत्यू बघा

पाचवा_खेळाडू

व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच गोळीबाराचा खेळ. त्याच्या सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या रँकमध्ये महिनोन्‌महिने अडकलेल्या माणसाला सगळीकडे एकच सल्ला मिळतो: नेम सुधार. तो बिचारा रोज तासभर एम लॅब नाहीतर कोव्हाक्स या नेमाच्या सरावाच्या प्रोग्रॅमवर गोळे फोडतो, मग डेथमॅच, म्हणजे प्रत्येकजण विरुद्ध बाकी सगळे असा डाव, खेळतो, आणि रँक जिथल्या तिथे. माझं मत उलट आहे. या पातळीवर आपण मरतो ते बहुतेक वेळा नको तिथे उभे होतो म्हणून. नेमाचा प्रश्न त्यानंतर येतो.

आता पीसीवर रिप्ले मिळतात. शेवटची हरलेली मॅच उघडा आणि फक्त स्वतःचे मृत्यू बघा, प्रत्येकाच्या आधीचे दहा सेकंद. समोरचा कुठून येऊ शकतो याचा अंदाज होता का? एकाच वेळी किती कोपऱ्यांना उघडे होतात? आणि तुम्ही पडल्यावर मारणाऱ्याला लगेच टिपायला, म्हणजे ट्रेड करायला, जवळ कोणी होतं का?

मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. तुम्ही पडलात आणि ट्रेड मिळाला, तर चार विरुद्ध चार. नाही मिळाला, तर चार विरुद्ध पाच, आणि पुढचा सगळा राउंड त्या एका माणसाची उणीव भरण्यात जातो. असेंट या नकाशावर कोणीतरी जेट ही एजंट, म्हणजे खेळातलं पात्र, घेऊन ए मेन या वाटेने एकटाच आत झेपावतो, बाकीचे चौघे अजून मागे गल्लीतच असतात. कबड्डीत कोपऱ्याचा खेळाडू साखळीची वाट न बघता चढाईपटूवर तुटून पडला तर जे होतं, तेच इथे होतं. त्याचा नेम कितीही चांगला असो, आत तीन कोनांतून तीन बंदुका त्याची वाट बघत असतात.

नेमाबद्दलच बोलायचं तर पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम बघा. हात लक्ष्यापर्यंत न्यायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो, लक्ष्य किती दूर आहे आणि किती मोठं आहे. डोक्याचा आकार काही आपल्या हातात नाही. अंतर मात्र आहे. क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरचं नेमाचं चिन्ह, आधीपासून डोक्याच्या उंचीवर आणि शत्रू जिथून निघेल त्या कडेपाशी ठेवला, तर माउस जेमतेम हलवावा लागतो. हे जमायला नकाशा माहीत हवा, बोटांचा वेग नाही.

आणि पैसे, म्हणजे दर राउंडआधी शस्त्रं घ्यायचे खेळातले क्रेडिट्स! यावर तर कोणी बोलतच नाही. पहिला, म्हणजे पिस्तूल राउंड हरलो की १९०० क्रेडिट्स मिळतात, सलग दुसरा हरला की २४००. रायफल २९०० ची, जड शील्ड १००० चं. दुसऱ्या राउंडला काही न घेता थांबलात, तर तिसऱ्याला ४३०० हाती येतात, म्हणजे रायफल आणि शील्ड दोन्ही. तेच दुसऱ्या राउंडला १६०० ची स्पेक्टर बंदूक घेऊन हरलात आणि किल मिळाला नाही, तर हाती उरतात २७००. रायफल नाही. चौघांनी पैसे वाचवले आणि एकाने स्पेक्टर घेतली की तिसरा राउंडसुद्धा अर्धा गेलेला असतो. खरेदीच्या पडद्यावर पुढच्या राउंडला किमान किती हाती असतील तो आकडा दिलेला असतो. तो वाचायला नेम लागत नाही.

निशाणेबाज_धुळे

दादा, सगळं वाचलं. पटलं नाही.

तुम्ही सांगता ते डायमंड रँकच्या पुढच्या माणसाला लागू पडेल. सिल्व्हर-गोल्डचा खेळाडू बरोबर जागी उभा असतानाही मरतो, हे मी रोज बघतो. कोपरा योग्य, शत्रू एकच, पाठीशी मित्र, आणि हा पळता पळता गोळ्या झाडतोय. या खेळात चालताना रायफलची गोळी भरकटते. आधी थांबायचं, मग मारायचं, एवढी एक गोष्ट हातात बसलेली नसते. ती रिप्ले बघून बसेल का? ती हजार वेळा केल्यावरच बसते.

व्हँडल या रायफलचा हेडशॉट कितीही लांबून १६० चा. समोरच्याकडे पूर्ण शील्ड असलं तरी त्याचा जीव आणि शील्ड मिळून होतात १५०. म्हणजे एक गोळी, खेळ खलास. ज्या खेळात एका गोळीने चकमक संपते, तिथे ती गोळी कोण आधी मारतो याला दुय्यम कसं म्हणता?

आणि सोलो क्यूचं काय? चार अनोळखी माणसं, दर मॅचला नवी. ते ट्रेड करतील का, पैसे वाचवतील का, स्मोक, म्हणजे नजर अडवणारा धूर, टाकतील का, यातलं काहीच माझ्या हातात नाही. माझ्या हातात माझा हातच आहे. म्हणून मी त्यालाच तयार करतो.

सरावाची पद्धत चुकते हे मात्र मान्य. डेथमॅचमध्ये ४० किल आधी पूर्ण करायच्या नादात लोक पळत सुटतात. मी तिथे आकडा बघतच नाही. प्रत्येक कोपरा रँकच्या मॅचमध्ये घेईन तसाच घ्यायचा, थांबायचं, एक-दोन गोळ्या, पुढचा कोपरा. अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ च्या शोधनिबंधात बर्लिनच्या व्हायोलिनवादकांबद्दल हेच मांडलं. नेमकी एक उणीव धरून, लक्ष देऊन केलेला सराव वेगळा आणि नुसतं वाजवत बसणं वेगळं.

रात्रपाळी

निशाणेबाजशी सहमत. नकाशा यूट्यूबवर पाठ होतो, हात होत नाही.

मृण्मयी_सेज

सोलो क्यूमध्ये बाकीचे चौघे आपल्या हातात नसतात, हे मला अर्धंच पटतं. मी सेज आणि किलजॉय या एजंट खेळते, जवळजवळ नेहमी एकटी क्यू लावून. चौघं माझं ऐकत नाहीत, पण मी कुठे उभी राहायचं हे तर मीच ठरवते ना? तो जेटवाला एकटा घुसणारच असेल, तर मी त्याच्या मागे दोन-तीन पावलांवर राहते. तो मेला तरी मारणारा मला दिसतो. त्याने मला ट्रेड द्यावा अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा मी त्याला ट्रेड देते. इम्मॉर्टल या वरच्या रँकपर्यंत पोचलेल्या ज्या मैत्रिणी मला माहीत आहेत, त्या सगळ्या हेच करतात.

आता दुसरा मुद्दा, तो इथे अजून कोणी काढलेला नाही. "माइकवर बोला, माहिती द्या" हा सल्ला सगळे देतात. मुंबई सर्व्हरवर मुलीचा आवाज ऐकू आला की पुढे काय होतं ते इथल्या मुलींना सांगायला नको. पहिल्याच राउंडला शेरे, मग शिव्या, मग मुद्दाम मॅच घालवणं. माझ्यासारख्या कित्येकजणी माइक बंद ठेवून खेळतात. मग संघाला माहिती कशी द्यायची? पिंगने, म्हणजे बटण दाबून नकाशावर खूण करून. नकाशावर पिंग, दिसलेल्या शत्रूवर पिंग, मी कुठे जातेय तिथे पिंग. हे कौशल्यच आहे, आणि नेमाइतकाच त्याचाही सराव लागतो. मेल्यावर लगेच, मारणारा होता तिथे पिंग गेला पाहिजे. उशिरा गेलेली माहिती चुकीच्या माहितीपेक्षा वाईट, कारण तोवर तो शत्रू दुसरीकडे पोचलेला असतो.

आणि जे माइकवर बोलतात त्यांना कळकळीची विनंती. मेल्यावर आधी "कसा मेलो यार" म्हणू नका. आधी सांगा: किती, कुठे, कोणाला किती लागलं. राग नंतर काढा.

पाचवा_खेळाडू

मृण्मयीताई, मेल्यानंतरच्या पहिल्या सेकंदाबद्दल तुम्ही लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. शेऱ्यांबद्दल एवढंच म्हणतो की बाकीच्या तिघांनी गप्प बसणं हाही त्यातला भाग आहे. आम्ही तिघांनी तिथल्या तिथे अडवलं आणि रिपोर्ट केलं, तर फरक पडतो.

माहितीची भाषा एक नसली तरी चालते, ती आखूड हवी. २०२३ मध्ये मुंबईची ग्लोबल ईस्पोर्ट्स व्हीसीटी पॅसिफिक या व्हॅलोरंटच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरली, तेव्हा त्या संघात भारतीयांबरोबर कोरियन, फिलिपिनो, इंडोनेशियन खेळाडू होते. मातृभाषा वेगवेगळ्या असणाऱ्या माणसांना मोजक्या शब्दांतच खेळावं लागतं. आपल्या मॅचमध्ये हिंदी, तमिळ, इंग्रजी, मराठी सगळं कानावर येतं, आणि तरी "दोन बी, एक मिड" (दोन शत्रू बी बाजूला, एक मध्ये) हे प्रत्येकाला समजतं.

निशाणेबाज, थांबून मारणं हातात बसलं पाहिजे हे खरंच. पण ती गोष्ट सरावाच्या रेंजवर संगणकाच्या बॉट्ससमोर दहा मिनिटांत रोज होते. लोक तासभर गोळे फोडतात, माझं भांडण त्याच्याशी आहे. गोळे फोडताना पायांना काही कामच नसतं, आणि व्हॅलोरंटमध्ये पाय थांबले नाहीत तर हाताचा काय उपयोग?

कोथरूड_ओमेन

मध्येच एक वेगळी गोष्ट. नेम, अक्कल दोन्हींच्या आधी टेबल बघा.

माउसचा ८०० डीपीआय आणि खेळातला ०.३ सेन्स, म्हणजे माउसची संवेदनशीलता, घेतला, तर एक पूर्ण गिरकी घ्यायला माउस साधारण ५४ सेंटिमीटर सरकवावा लागतो. व्यावसायिकांचे सेन्स साधारण याच आसपास, म्हणून मुलं तेच आकडे उचलतात. आणि खेळतात कुठे? पुस्तकं, डबा आणि कीबोर्ड यांच्या मधल्या वीतभर जागेत. अर्धी गिरकी घ्यायची तरी माउस दोनदा उचलावा लागतो, तोवर मागचा मारून जातो. आधी जागा मोकळी करा, नाहीतर सेन्स वाढवा, आणि मग तो बदलू नका. दर हरलेल्या मॅचनंतर सेन्स बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

६० हर्ट्झच्या पडद्यावर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर दर ६.९ ने. फरक जाणवतो. पण पैसे नसतील तर त्यासाठी खेळ थांबवू नका. ६० वर खेळत असाल, तर रुंद मोकळी जागा घेऊन समोरासमोर भिडण्याऐवजी जवळचे कोन धरा, स्मोकच्या कडेने खेळा. ओमेन या एजंटचा स्मोक १५ सेकंद टिकतो, तेवढ्यात किती काय करता येतं ते मोजून बघा.

निशाणेबाज_धुळे

टेबलाचा मुद्दा शंभर टक्के.

पण पाचवा_खेळाडू, दहा मिनिटांत होतं हे मान्य नाही. ज्याचं झालेलं आहे त्याला दहा मिनिटं पुरतात. ज्याचं व्हायचंय त्याला नाही. गोल्डच्या माणसाला एकाच वेळी क्रॉसहेअर, पैसे, नकाशा, स्मोकची वेळ, मित्राची जागा हे सगळं सांभाळायला सांगितलं तर तो कोपऱ्यावर पोचेपर्यंत विचारच करत बसतो. हात आपोआप चालायला लागला की डोकं मोकळं होतं, आणि मग तुमचं सगळं ज्ञान वापरता येतं. क्रम असा आहे. मृण्मयीताई दोन पावलं मागे राहून ट्रेड देतात, कारण तो शत्रू दिसल्यावर त्यांची गोळी लागते. न लागणाऱ्याने मागे राहून काय करायचं?

मृण्मयी_सेज

न लागणाऱ्याने सेजची भिंत उभी करायची, मित्रांना बरं करायचं, आणि स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावायचा! स्पाइक लावल्यावर फुटायला ४५ सेकंद लागतात, समोरच्यांना तो निकामी, म्हणजे डिफ्यूज, करायला ७. अर्ध्यावर सोडला तरी साडेतीन सेकंदांचं काम जमा राहतं, म्हणून लावणाऱ्या बाजूचे निम्मे लोक आवाज आला की घाबरून धावत येतात आणि मरतात. डिफ्यूजचा पहिला आवाज आला तर तो खरा की फसवा, हे घड्याळ बघून कळतं. उरलेत दहा सेकंद, तर तो खराच आहे, जा. उरलेत तीस, तर जागा सोडू नका. कित्येक राउंड मी एकही किल न घेता असे जिंकलेत, आणि आरआर, म्हणजे रँकचे गुण, जिंकल्यावर वाढतात.

तरी क्रमाबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. फक्त तो सगळ्यांना एकच नाही. जेट, रेना खेळणाऱ्याचा हात आधी. स्मोक आणि पहारा सांभाळणाऱ्याचं घड्याळ आधी.

पाचवा_खेळाडू

हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं, तिथे एजंटचा उल्लेखच नाही. जेटवाल्यांना तासभर डेथमॅच माझ्याकडून माफ. पण एकटं आत घुसणं माफ नाही.

निशाणेबाज_धुळे

मग शनिवारी रात्री फाइव्ह स्टॅक करू, म्हणजे आपण पाचजण एका संघात खेळू. मी जेट, मृण्मयीताई सेज, कोथरूड ओमेन, रात्रपाळीने सोव्हा घ्यावा. पाचवा_खेळाडू माझ्या मागे दोन पावलांवर. नंतर रिप्ले उघडून प्रत्येकाचे मृत्यू मोजू: किती जागेमुळे, किती गोळी न लागल्यामुळे. माझा अंदाज, गोळीचे जास्त निघतील.

रात्रपाळी

मी अकराला मोकळा होतो. रिप्ले मात्र दुसऱ्या दिवशी बघू, हरल्या-हरल्या बसलो तर फक्त भांडण होईल.