लघुरूपं: तुमचे अनुभव लिहा

आजोबांना आलेली जुनी पत्रं परवा कपाट आवरताना सापडली. वर 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि.', खाली 'ता. क.'. म्हणजे लघुरूपं आपल्याला नवी नाहीत. पण ती लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखीच ठाऊक असायची. आता आमच्या घरातल्या तीन पिढ्या एकाच ग्रुपवर आहेत आणि निम्मं एकमेकांना कळत नाही, याची मला खरंच काळजी वाटते. लघुरूपामुळे तुमचं काही बिघडलं किंवा सोपं झालं असेल तर लिहा.

गंगापूर रोड
साध्या एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावायची, देवनागरी फक्त ७०. म्हणून कॉलेजात आम्ही मराठीसुद्धा रोमनमध्ये, स्वर गाळून लिहायचो. दिवाळीला एसएमएसचा स्वस्त पॅक चालत नसे, तेव्हा तर शुभेच्छाही तीन अक्षरांत.

नाशिकरोड
लेक पहिल्यांदाच एकटी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघाली. इगतपुरीच्या सुमारास मेसेज आला: 'जागा मिळाली. टीसी.' मला वाटलं, टीसीने धरलं. तिकीट तर मीच पर्समध्ये ठेवलं होतं! फोन लावते तर घाटात रेंज नाही. कल्याणला तिचाच फोन आला, "अगं आई, टेक केअर म्हटलं." तोवर देव पाण्यात घालून बसले होते.

निफाड
आमच्या द्राक्षाच्या ग्रुपवर औषधाच्या नावापुढे 'पीएचआय ३०' आलं. वडिलांनी ते प्रमाण समजून ३० मिली मोजायला घेतलं. मी टाकीजवळच होतो म्हणून थांबवलं. पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस. ते चुकले आणि निर्यातीच्या मालात औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला, की वर्षाची मेहनत मातीत. तेव्हापासून मी 'काढणीआधी ३० दिवस बंद' असंच लिहितो. लांबलं तर लांबू दे.

सिडको
आई गेली तेव्हा आरआयपी, भापूश्र असे मेसेज येत राहिले. राग नाही, माणसं कामात असतात. पण कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी लिहिलं होतं, 'ताई साखर न्यायला आल्या की माझ्या नातीची चौकशी करायच्या.' फोन दोनदा बदलला, तो मेसेज जपून ठेवलाय.

इंदिरानगर
मी लघुरूपांच्या बाजूने. अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात गेला. डाव्या अंगठ्याने एक वाक्य लिहायचं तर घामाघूम व्हायचे, मग चिडून फोन बाजूला ठेवायचे. माझ्या मुलाने त्यांना शिकवलं: जेवण म्हणजे 'जे१', जे-वन. गोळी घेतली की 'गो'. बरं वाटत नसेल तर 'बवाना'. ठळक अक्षरांत यादी लिहून कॉटशेजारी चिकटवली. आता मी अंबडला दुसऱ्या पाळीत असते तेव्हा साडेसातला मेसेज येतोच: 'जे१?' म्हणजे मी जेवले का. डबा उघडून मी लिहिते 'जे१', आणि मागोमाग त्यांचं 'गो' येतं.